जू उतरल्यावर

उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या अंगाला एक वास असतो. कोरड्या कडब्याचा, तापलेल्या मातीचा, गळ्याच्या पोळीत वर्षानुवर्षं मुरलेल्या धुळीचा, आणि त्यात कुठंतरी मागून येणारा, रवंथ केलेल्या वैरणीचा गोडसर, किंचित आंबूस असा. तरुण, कामाच्या बैलाला हा वास येत नाही. त्याच्या अंगाला घाम असतो, चाकाच्या वंगणाचा हात लागलेला असतो, भिजलेल्या कासऱ्याचा वास असतो. त्याच्याजवळ गेलं की आधी त्याच्या कामाचा वास येतो आणि मग, आलाच तर, त्याचा. जू उतरून दोन-तीन वर्षं झाली, उन्हाळे-पावसाळे अंगावरून गेले, की कामाचा वास हळूहळू निघून जातो आणि बैलाचा स्वतःचा वास वर येतो. तुम्ही जुने स्नेही म्हणून सांगते, या वयात मला माणसांची नावं आठवायला वेळ लागतो, हा वास मात्र मागितला की येतो.

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळ, कृष्णेपासून फार लांब नाही असं एक रान आहे. चारी बाजूंनी ऊस, मधे चिंचेची जुनी झाडं, पत्र्याचा लांबलचक गोठा, सिमेंटचा हौद, आणि कामातून सुटलेली, सोडवलेली, टाकून दिलेली जनावरं. रानाचं आणि ते चालवणाऱ्यांचं नाव मुद्दामच घेत नाही. त्यांना ते आवडायचं नाही. शिवाय नाव कुठं छापून आलं की लोक रात्री येऊन फाटकाला भाकड गाय बांधून जातात, हा त्यांचा अनुभव आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिकडं जायला लागले. काय करायला, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. हौदात पाणी सोडायचं, कानामागचे गोचीड काढायचे, खरारा करायचा आणि उरलेला वेळ नुसतं बसायचं. गोठा सांभाळणारे अण्णा सुरुवातीला जरा संशयानंच बघायचे. "बाई, हितं काय बगायला हाय? समदी म्हातारी हायती," म्हणायचे. नंतर नंतर त्यांनी माझ्यासाठी चिंचेखाली एक पेंडीचं रिकामं पोतं घडी घालून ठेवायला सुरुवात केली, त्यावरून मी समजायचं ते समजले.

उसाची बैलगाडी आमच्या भागात कुणाला नवी नाही. दिवाळी झाली की बीड-नगरकडच्या टोळ्या उतरतात, ओढ्याकाठी खोप्या उभ्या राहतात, आणि मग चार-पाच महिने साखराळे, रेठरे, वाळवे, शेंद्रे अशा कारखान्यांच्या वाटांवर टायरगाड्यांच्या रांगा लागतात. गाडीत दोन-अडीच टन ऊस, वर गाडीवान, कधी त्याच्याही वर झोपलेलं पोर, आणि पुढं दोन माना खाली घातलेल्या. लहानपणी आम्हाला त्या रांगांचं फार सुख वाटायचं. मागून धावत जाऊन कांडं ओढायचं, गाडीवानानं खोटं खोटं ओरडायचं. हिरव्या वाढ्यांचा वास, मळीचा वास, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर लांबून येणारी घुंगरांची किणकिण. हिवाळा म्हणजे हेच, असं तेव्हा पक्कं होतं. त्या किणकिणीखाली खांदा सोललेला असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारावं असं सुचलंही नव्हतं. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ सालचे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा सदतीस अंशांच्या वर जातो अशा ठिकाणी दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. छान नियम आहेत. गाडीवानाला उचल फेडायची असते आणि काटा ज्याच्या हातात असतो त्याला घाई नसते, त्यामुळे ते कागदावर राहिले; गाडीवानाला मी दोष देत नाही, त्याचाही खांदा काही धड नसतो.

सांगलीत २००३ पासून ॲनिमल राहत ही संस्था याच रांगांमधून काम करत आली. कारखान्याच्या गाडीतळावर जाऊन खांदे, खूर, डोळे बघायचे, पुराणीचा खिळा सोडायला लावायचा, आणि थकलेला बैल बाजाराला न नेता विसाव्याला द्या म्हणून मालकाची समजूत घालायची. पुढं वीटभट्टीवरची गाढवं आली, मग बैलांऐवजी छोटे ट्रॅक्टर लावायची खटपट आली. त्याआधी सांगली-मिरजेकडं पांजरपोळ होते आणि आहेत. व्यापारी पेठांनी ते चालवले. पण म्हाताऱ्या बैलाला नुसती दावण आणि वैरण दिली की झालं, असं नसतं. त्याला रिकामा वेळ द्यावा लागतो आणि त्या वेळात तो काय करतो ते बघायला कुणीतरी लागतं, हा विचार मला या नव्या माणसांकडून कळला. माझं ते रानही त्याच विचारावर उभं आहे.

हरण्या आला तेव्हा मी तिथंच होते. टेम्पोची फळी खाली टाकली तरी तो उतरेना. अण्णांनी ओढाताण केली नाही, पुढं वाढ्याची पेंढी धरली आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले. बऱ्याच वेळानं फळीवर एक खूर वाजला. पत्री झिजून अर्धीच उरली होती, त्यामुळे आवाज एका पायाचा वेगळा आणि तीन पायांचा वेगळा. माणदेशी खिलार, उंच, रंगानं कोसा, शिंगं मागं वळून वर निघालेली. खरसुंडीच्या यात्रेत कोवळा खोंड म्हणून कुणी त्याला हौसेनं घेतलं असणार, माथ्याला गुलाल लावला असणार, हलगी वाजवत घरी नेलं असणार. त्यानंतरची बारा-तेरा वर्षं त्याच्या खांद्यावर लिहिलेली होती. खांद्यावर जिथं जू बसतं तिथं हाताच्या पंजाएवढा घट्टा होता, राखाडी, बिनकेसांचा, आणि बोटांनी दाबलं तर आत काहीच न हलणारा.

डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात वेसण कापली. दोरी इतकी जुनी होती की भोकाच्या कडेला चिकटून बसली होती. कोमट पाण्यानं भिजवून भिजवून ती सुटी केली, मग कात्रीचा एकच आवाज आला. हरण्यानं मान झटकली, जीभ लांब काढून एका नाकपुडीत घातली, मग दुसऱ्या, आणि कितीतरी वेळ तो तेच करत राहिला. अण्णा म्हणाले, "बगा, नाक सापडलं त्येला." आम्ही सगळे हसलो. वेसण अण्णांनी खिळ्याला अडकवली नाही, चुलीत टाकली.

त्या रानापासून कारखाना तसा लांब आहे, पण वारा तिकडचा असला की पाळी बदलायचा भोंगा स्वच्छ ऐकू येतो. पहाटे भोंगा झाला की हरण्या उभा राहायचा. सगळी दावण बसलेली असायची, कुणी मान पोटाशी घेतलेली, कुणी नुसतं फुसफुसत, आणि हा एकटा अंधारात उठून, दोन पावलं पुढं येऊन, मान किंचित खाली करून, जू पडायची वाट बघत थांबायचा. कुणी यायचं नाही. मग पुन्हा बसायचा. आधी पुढचे गुडघे, मग धप्पकन मागचं अंग, आणि एक मोठा सुस्कारा. अण्णांनी मला हे सांगितलं तेव्हा पटलं नाही म्हणून थंडीत एकदा मुक्काम केला आणि स्वतः पाहिलं. अंधारात तो उठल्याचं दिसलं नाही, ऐकू आलं. खुरांखाली कडबा मोडण्याचा आवाज, मग शांतता, आणि त्या शांततेत त्याचा श्वास.

असा एक हंगाम गेला. दुसऱ्या हंगामात तो भोंग्याला नुसती मान वर करायचा. आणि एका पहाटे, तेव्हा थंडी ओसरत आली होती, भोंगा झाला आणि त्यानं फक्त एक कान तिकडं वळवला, परत आणला आणि रवंथ चालू ठेवला. अण्णांनी सकाळी सहालाच मला फोन केला. "बाई, न्हाई उठला." एवढंच म्हणाले. मी चहाचं आधण तसंच ठेवून खुर्चीत बसले आणि मला इतका आनंद झाला की कुणाला सांगावं कळेना. सांगणार तरी काय, एक बैल आज उठला नाही म्हणून?

त्यानंतरचा हरण्या हा निराळाच बैल होता. इतकी वर्षं तो नुसता एक जोडीतला बैल होता, उजवा की डावा एवढीच त्याची ओळख. आता त्याच्या आवडीनिवडी निघू लागल्या. कडबाकुट्टीचं यंत्र सुरू झालं की तो जिथं असेल तिथून येऊन त्याच्याजवळ उभा राहायचा, खायला नव्हे, नुसता तो खडखडाट ऐकायला. डोळे अर्धे मिटायचे आणि खालचा ओठ लोंबायचा. ओलं कापड त्याला फार प्रिय. वाळत घातलेला टॉवेल, अण्णांचा सदरा, एकदा माझ्या पर्सचा पट्टा. चावायचा नाही, तोंडात धरून उभा राहायचा, आणि सोडवायला गेलं तर मान वळवून दुसरीकडं बघायचा, आपला संबंधच नाही अशा थाटात. पहिला वळीव आला की चिंचेखालून बाहेर जाऊन पाठ ओली करून यायचा, पुन्हा जायचा. त्याला डावा कान खाजवलेला चालायचा, उजवा नाही. अशा कितीतरी बारीकसारीक गोष्टी. त्या सगळ्या त्याच्या आत कधीपासून होत्या आणि इतकी वर्षं बाहेर यायला त्यांना जागाच नव्हती, हे लक्षात यायचं तेव्हा घशाशी काहीतरी यायचं. आपण म्हातारपणाला उतार म्हणतो. त्या रानातल्या जनावरांच्या आयुष्यात तेवढंच काय ते त्यांचं स्वतःचं होतं, आणि मला ती भेटली ती नेमकी त्या काळात. त्यामुळे ती गेल्यावर फार मोठं आयुष्य संपलं असं वाटत नाही, नुकतंच सुरू झालेलं काहीतरी थांबलं असं वाटतं.

घट्टा गेला नाही. मात्र तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच्या कडेकडेनं बारीक, पांढरे, मऊ केस यायला लागले. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद आणि तूप घेऊन मी त्या खांद्यावर हात फिरवायचे तेव्हा मधे कडक आणि कडेला मऊ असा तो भाग हाताला लागायचा. तुमच्याकडं श्रावणात पोळा असेल, आमच्या सांगली-साताऱ्याकडं आषाढात बेंदूर. शिंगं घोळायची, हिंगूळ लावायचा, गोंडे बांधायचे, पुरणाचा घास द्यायचा. रानातल्या बैलांना जू नव्हतंच, मग खांदेमळणी कशाला, असं एका नव्या पोरानं विचारलं होतं. अण्णांनी त्याच्याकडं असं काही बघितलं की पोरगं गुपचूप वाटीत हळद कालवायला लागलं.

हरण्याच्या डाव्या शिंगाचं दुखणं आधी कुणाला कळलं नाही. तो मान एका अंगाला कलती ठेवायला लागला, मग चिंचेच्या बुंध्यावर शिंग घासायला लागला, आणि एका सकाळी त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताची रेघ आली. शिंग आतून पोकळ असतं आणि त्या पोकळीची वाट कपाळातून नाकाकडं जाते, म्हणून शिंगातलं रक्त नाकात दिसतं, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शिंगाचा कर्करोग. लांब शिंगांच्या देशी जनावरांत, त्यातही खच्ची केलेल्या वयस्क बैलांत हा रोग जास्त आढळतो. शिंग काढावं लागलं. भुलीचं औषध, पट्ट्या, कडुनिंबाचं पाणी, माश्या बसू नयेत म्हणून लावायचं मलम. महिनाभर सगळ्या गोठ्याला त्या मलमाचा कापरासारखा वास यायचा. बरा झाला. एका शिंगाचा हरण्या सुरुवातीला चालताना जरा उजवीकडं जायचा, तोल नव्यानं शिकावा लागला असणार. त्या बेंदराला एकाच शिंगाला हिंगूळ लावला आणि दुसऱ्या बाजूला अण्णांनी झेंडूची माळ बांधली. ती हरण्यानं खाल्ली.

पुढच्या वर्षी रोग परत आला. डॉक्टर आले, बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. आषाढ होता, बेंदूर चार दिवसांवर. त्याबद्दल मला यापुढं काही लिहायचं नाही. डोळे मिटले तेव्हा अण्णांचा सदरा त्याच्या तोंडाजवळ होता, एवढं पुरे.

मोठं जनावर गेलं की हल्ली जेसीबी येतो. पूर्वी गावात वेगळी व्यवस्था असायची, ती गेली ते बरंच झालं. खोल खड्डा, तळाला मीठ, वर मीठ, मग माती. मिठाची पोती रानात आधीपासून आणून ठेवलेली असतात, गोठ्याच्या टोकाला, पत्र्याखाली, आणि पावसाळी हवेत त्यांना ओल सुटते. त्या पोत्यांजवळून जाताना मी नजर दुसरीकडं वळवते. कुणाच्या वाट्याचं मीठ तिथं आहे, हा विचार नको वाटतो. वरून कुंकू-गुलाल पडतो, एखादा नारळ. तेराव्याला अण्णा गप्प राहून गूळ वाटतात. आमच्या भागात शर्यतीचा बैल गेला तर एसटी स्टँडवर फ्लेक्स लागतो, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली गल्लीतल्या सगळ्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. मला त्याचं हसू यायचं, आता येत नाही. निदान कुणीतरी त्या जनावराचं नाव तरी मोठ्या अक्षरात लिहितं. सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०२१ च्या डिसेंबरात उठली, शर्यती परत सुरू झाल्या आणि बैलाची किंमत लाखांत गेली. उसाच्या बैलाचा फ्लेक्स कधी कुणी लावलेला मी पाहिला नाही.

चिंगी आणि भागी या दोघी वीटभट्टीवरून आल्या होत्या. नदीकाठच्या भट्ट्यांवर पाठीवर गोणी टाकून विटा वाहून झिजलेल्या, पाठीवर चट्टे, गुडघे आत वळलेले. आपण मराठी माणसं गाढवाशी नीट वागत नाही, त्याच्याविषयी बोलतानासुद्धा नाही. या दोघींचा दिवसातला एकच सोहळा होता. ऊन कलायला लागलं की हौदामागच्या मऊ मातीत आधी चिंगी जाऊन बसायची, आजूबाजूला बघून खात्री करून घ्यायची, आणि मग चारही पाय वर करून लोळण घ्यायची, या अंगावरून त्या अंगावर, धुळीचा पिवळा लोट उठायचा आणि त्यातून फक्त खूर दिसायचे. उठून अंग झाडलं की भागीची पाळी. दोघींनी एकाच वेळी लोळण घेतलेली मी कधी पाहिली नाही. एक लोळायची तेव्हा दुसरी पहारा द्यायची. मग दोघी मिळून ओरडायच्या. तो आवाज कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे, त्याचं कौतुक करावं असं काही नाही, पण रानातली संध्याकाळ त्यानं सुरू व्हायची आणि मी त्यावर घड्याळ लावायचे.

चिंगी हिवाळ्यात गेली, रात्रीतून. गाढवांची जोडी फार घट्ट असते; एक गेलं तर दुसऱ्याला त्याच्याजवळ उभं राहू द्यावं, लगेच हलवू नये, नाहीतर ते दिवस दिवस शोधत फिरतं आणि खाणं सोडतं, असं गाढवं सांभाळणारे जाणकार सांगतात. म्हणून जेसीबीला दुपारपर्यंत थांबवलं. भागी जवळ गेली, मानेपाशी हुंगलं, पुढच्या पायानं एकदा, दोनदा खांद्याला ढोसलं. मग तिच्या अंगाला अंग लावून उभी राहिली, तोंड उलट दिशेला करून, पहारा देताना राहायची तशी. भागी त्यानंतर पुष्कळ दिवस जगली, खात-पीत होती, दुसऱ्या गाढवांत मिसळली. लोळण मात्र तिनं घेतली नाही, आणि ओरडलीही नाही. आता तीही नाही. त्या मऊ मातीच्या जागी गवत आलं आहे.

पुरातल्या म्हशीला नाव कुणी ठेवलंच नाही, तिला 'पुरातली' म्हणत. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. भिलवडी, ब्रह्मनाळ, अंकलखोप, ती सगळी नदीकाठची गावं पाण्यात. माणसं होड्यांतून निघाली, आणि निघताना गोठ्यात जाऊन ज्यांना जमलं त्यांनी दावी कापली. पुरातलीच्या गळ्यात कापलेल्या दाव्याचा हातभर तुकडा तसाच होता. कुणाची, कुठली, शेवटपर्यंत कळलं नाही. गळ्यातलं दावं कापणारा हात मात्र मायेचा होता एवढं नक्की, कारण त्या घाईत त्यानं गाठीजवळ, कातडी राखून कापलं होतं. म्हैस आणि पाणी यांचं नातं तुम्हाला सांगायला नको. ही मात्र डबक्याच्या कडेला जायची, पाण्यात बघायची आणि मागं सरायची. पावसाची पहिली सर पत्र्यावर वाजली की गोठ्यातल्या सगळ्यात उंच ओट्यावर चढून, पाय जुळवून उभी राहायची आणि सर थांबेपर्यंत उतरायची नाही. उन्हाळ्यात अण्णा बादल्यांनी तिच्या अंगावर पाणी ओतायचे. ते चालायचं. वरून येणारं बादलीतलं पाणी आणि खालून चढणारं पाणी यांतला फरक तिला कळत होता. तिच्या श्वासाचा वास मला फार आवडायचा, ताज्या कापलेल्या हत्तीगवताचा. तिच्या कपाळाला कपाळ टेकलं की तो तोंडावर यायचा, ओला आणि गरम. तसा श्वास दुसऱ्या म्हशीचा असेलच. मी शोधलेला नाही.

बाकीच्यांचं किती सांगू? तीन पायांचा मोत्या, जो जेसीबीवर भुंकायचा आणि शेवटी जेसीबीच्याच सावलीत झोपायला लागला. महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवून फिरवून थकलेलं एक तट्टू, त्याला कुणी जवळ आलं की आपोआप फोटोसाठी थांबायची सवय होती. आणि २०२२ च्या लंपीत गेलेली जनावरं. तेव्हा बाजार बंद होते, गोठ्याला मच्छरदाण्या लावल्या होत्या, कडुनिंबाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, आणि अंगभर गाठी आलेली वासरं उभी राहायचा प्रयत्न करायची. त्या पावसाळ्याचं मी लिहिणार नाही.

अण्णा आता थकलेत. मुलगा म्हणतो घरी बसा, ते बसत नाहीत. नवा कुणी बैल आला की पहिले दोन-चार महिने ते त्याच्याशी फार बोलत नाहीत, नुसतं काम करतात, वैरण, पाणी, शेण. एकदा मी म्हटलं, "अण्णा, याला नाव नाही ठेवलं अजून?" तर म्हणाले, "थांबा की बाई. त्येला सवताचं कायतरी आवडू दे आदी. मग ठिवू." म्हणून त्या रानातली नावं अशी आहेत, एक कुट्टी आहे, यंत्राजवळ उभा राहणारा, हरण्यानंतरचा दुसरा, एक वळीव आहे, एक बैल रोज सकाळी कावळ्याला पाठीवर बसू देतो, त्याचं नाव काकाजी. दप्तरात नोंद करताना व्यवस्थापक डोक्याला हात लावतात.

तुम्ही यावं असं मला फार वाटतं, आणि बेंदराच्या सुमारास यायचं म्हणाल हेही माहीत आहे. पण त्याआधी या, शाळू निघाल्यावर, फाल्गुनात. तेव्हा कडबा स्वस्त असतो आणि शेकड्यानं मिळतो. जमेल तेवढ्या पेंढ्या तुमच्याकडच्या शेतकऱ्याकडून घेऊन टेम्पोत टाकून पाठवा, पाऊस लागल्यावर तोच कडबा दुपटीनंही मिळत नाही. बेंदराला लोक हौसेनं ताटंच्या ताटं घेऊन येतात, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर एकेका बैलाच्या पोटावर हात ठेवून बसलेले असतात. पुरण, भात, चपात्या असं शिजवलेलं पोटात जास्त गेलं की जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, वेळेवर कळलं नाही तर जनावर जातंही. म्हाताऱ्या बैलाला घासभर द्या, नैवेद्यापुरतं. बाकीची पुरणपोळी घरीच खा.